भोंग्यानंतरचं वाक्य

"…परत येईन!"

पूर्वीला हे अगदी हळू म्हणायचं होतं. पण सभागृह इतकं शांत होतं, की तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

त्याचं असं झालं. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत 'पवनिका' पंखे कंपनीने बांधलेलं रंगमंदिर आहे. पूर्वी तिथे पहिल्यांदाच नाटक बघायला आली होती. ती राहायची विरारला, मनवेलपाड्यात, आणि शिकवायची तुळिंजच्या एका बालवाडीत. रंगमंचावर एक उंच तरुण पाठीमागे छत्री लपवून नायिकेला म्हणत होता, "वसू, मी तुझ्यासाठी—"

आणि कारखान्याचा भोंगा वाजला.

भोंगा थांबला तरी तो बोलेना. हलेनाही. नायिकाही जागच्या जागी थिजलेली. पूर्वीचा जीव खालीवर व्हायला लागला. बालवाडीत मूल कवितेत अडलं, की पुढचा शब्द सांगायची तिची सवय… ती पुढच्याच रांगेत होती. किंचित वाकली आणि सुचला तो शब्द सांगून मोकळी झाली.

सभागृहात हशा पिकला. त्या तरुणाच्या ओठांची कड थरथरली, पण तो हलला मात्र नाही.

शेजारी कंपनीच्या निळ्या गणवेशात एक वयस्क कामगार बसले होते, दिनानाथकाका. ते तिच्याकडे वळले. "पोरी, तो विसरला नाय. पाळी बदलतेय. कामावर जाणारे उठतात, सुटलेले येऊन बसतात. कोणाचं वाक्य चुकू नये म्हणून नट थांबतात. थेटर कामगारांसाठीच बांधलंय ना!"

खरंच, बाजूच्या दारातून काहीजण दबक्या पावलांनी बाहेर चालले होते. दुसरे आत येत होते, कपड्यांना वॉर्निशचा वास, हातात डबे. सगळे टेकले, तेव्हा तो तरुण शांतपणे म्हणाला, "—ही छत्री दुरुस्त करून आणली."

नाटक संपल्यावर तो तिला शोधतच आला. "माझं वाक्य बदलणाऱ्या तुम्हीच ना?"

"मला वाटलं, तुम्ही अडलात."

"अडलो होतोच. समोरून कोणी इतक्या काळजीने बघायला लागलं तर…"

"मी बालवाडीत शिकवते. सगळ्यांकडे तशीच बघते."

"अरे देवा! मग मी कुठल्या गटात? मोठ्या की छोट्या?"

"बघू. डबा स्वतःचा स्वतः संपवता का?"

तो मोठ्याने हसला. त्याचं नाव श्रीरंग. घर वसईजवळच्या गास गावात, केळीच्या वाडीत. कंपनीत तो पंख्यांची पाती तोलून बघायचा. एक पातं जरी जड झालं, तर पंखा डुगडुगतो म्हणे.

नाटक बसवणाऱ्या मर्सीबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी पूर्वीला तिथेच धरलं. "आवाज तर तुझा खणखणीत आहे. रविवारी ये. विंगेत बसून नटांना वाक्यं सांगायचं काम शिकवते."

पूर्वी जायला लागली. बालवाडीतल्या मुलांनाही नेऊ लागली. बाहेर नुसते पत्र्याचे कारखाने आणि ट्रक. नाचायला, गायला आसपास दुसरी जागाच नव्हती. एका रविवारी भजनी मंडळ, तर दुसऱ्या रविवारी नाताळच्या गाण्यांची तालीम. कामगारांच्या मुलींनी पहिल्यांदा घुंगरू बांधले ते इथेच. फक्त एकच तक्रार होती. पंख्यांच्या कंपनीच्या सभागृहात सगळ्यात जास्त कुरकुरायचे ते पंखेच.

"हे तुम्हीच तोललेत का?" पूर्वी वर बघून विचारायची.

"हे माझ्या जन्माआधीचे. आणि मला 'तुम्ही' कशाला?"

"बरं. तू तोललेस का?"

"तू विचारलंस, तर तोलतो!"

मर्सीबाई शिकवायच्या, "हे बघ पूर्वी, माणूस विसरला तर शब्द सांगायचा. पण तो विचार करत असेल, तर थांबायचं. ते वाक्य त्याचं असतं. त्याला सापडू द्यायचं."

मग एका संध्याकाळी रंगमंदिराच्या पायरीवर श्रीरंगने घरची सुकेळी तिच्यापुढे धरली. वाळवलेल्या केळ्यांचा तो मधासारखा वास. तो म्हणाला, "हरिद्वारजवळ कंपनीचा नवा कारखाना सुरू होतोय. मला पाठवतायत. वर्षभर तरी."

सुकेळी तिच्या हातातच राहिली. "तिथे रंगमंदिर आहे?"

"नाही. भोंगा आहे."

"मग भोंगा वाजल्यावर थांबशील कोणासाठी?"

त्याने तिच्याकडे बघितलं. काहीतरी ओठांवर आलं… आणि तो म्हणाला, "खा ना. आईने मुद्दाम दिलीय."

पूर्वीला फार काही नको होतं. वाट बघ, एवढंच त्याने म्हणावं. ते सुचवणं किती सोपं होतं! पण मुलाला उत्तर सांगून टाकलं, की ते त्याचं राहत नाही, हे तिला माहीत होतं. तिने सुकेळीचा तुकडा तोंडात टाकला. सुकेळी मात्र गोड लागली नाही.

तो जायच्या आधी त्याच नाटकाचा प्रयोग लागला. या वेळी पूर्वी विंगेत होती, मांडीवर संहिता.

"वसू, मी तुझ्यासाठी—"

भोंगा वाजला. माणसं उठली, माणसं आली, खुर्च्या मिटल्या, उघडल्या. सगळे टेकले.

श्रीरंग बोलला नाही.

पंख्यांची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. नायिका डोळ्यांनीच त्याला विचारत होती, अरे, काय झालं? पूर्वीचं बोट त्या ओळीवर होतं. 'ही छत्री…' एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं.

त्याने मान वळवून विंगेकडे बघितलं. तो विसरला नव्हता. हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं, आणि तिने संहिता मिटली.

"मी तुझ्यासाठी," श्रीरंग तिच्याकडे बघत म्हणाला, "…परत येईन. थांबशील?"

पुढच्या रांगेतून दिनानाथकाका ओरडले, "अरे, आणि छत्री?"

सभागृह हसण्यात बुडालं. श्रीरंग रंगमंचावरून विंगेशी आला, आणि त्याने छत्री पूर्वीपुढे धरली.

"दे इकडे," पूर्वी म्हणाली. "तू येईपर्यंत माझ्याकडे राहील."

हेही तिला हळूच म्हणायचं होतं. पण ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.