जोडीतला दुसरा पॅच

"माझो एकच पॅच इलो आणि मागसून दुसरो नाय इलो, तर समज गो अक्षया... माका कायतरी झाला."

अनिश हे हसत म्हणाला होता. मीही हसले. "पॅच म्हणजे काय चपलेचो जोड रे? एक हरवलो तर दुसरो फुकट?"

"तसाच!" तो म्हणाला. मी ते बोलणं वाऱ्यावर सोडून दिलं.

आज दुपारी त्याचा एकच पॅच आलाय.

पहिल्यापासून सांगते. मी मिठबावला राहते. माझ्या लेकीचे, संचिताचे, बाबा गेल्यापासून घरात ती आणि मी, दोघीच. ती चार वर्षांची. काम घरूनच चालतं. आम्ही काहीजण मिळून संगणकावर मराठी लिहायची चौकट बनवतो. फॉन्ट बदलला की तिच्यातली अक्षरं एकमेकांवर चढायची, कर्सर जोडाक्षराच्या पोटात घुसायचा. ठिकठिकाणचे लोक त्यावर दुरुस्त्या लिहून पाठवतात. तेच पॅच. कुणाचा आधी लावायचा, कुणाचा नंतर, कुणाचा परत धाडायचा, हे ठरवायचं मी.

ओरोसच्या एका कार्यालयात ती चौकट दाखवायला गेले होते. साहेबांसमोर ऐटीत फॉन्ट बदलला आणि कर्सर 'सिंधुदुर्ग'च्या मधोमध अडकला. मला घाम फुटला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला —

"रुंदी जुन्याच फॉन्टची धरली आहे. नव्याची मोजलेलीच नाही."

वळून पाहिलं. खांद्याशी भिजलेला शर्ट, कपाळावर केस, आणि डोळ्यांत नको तेवढा मिश्कीलपणा.

"आपण कोण?"

"ज्याचे पॅच तुम्ही सारखे परत पाठवता, तो. वेंगुर्ल्याचा अनिश."

"अर्धवट पाठवता म्हणून!" मी दबक्या आवाजात म्हटलं.

तो किंचित पुढे वाकला. कार्यालयातली मराठी सोडून हळूच म्हणाला, "मगे पुरे धाडलंय, तर ठेवशात?"

माझे कान तापले. साहेब समोर होते म्हणून बरं.

तेव्हापासून त्याचे पॅच जोडीनं यायला लागले. पहिला अक्षरांची रुंदी मोजणारा, दुसरा त्या मापानं कर्सर बसवणारा. पहिला एकटाच लावला, तर चौकट सुधारायच्या ऐवजी आणखी बिघडते. म्हणून अनिशची एक रीतच पडून गेली. पहिला धाडायचा, गॅसवर चहा ठेवायचा, चहा उकळेपर्यंत दुसरा शेवटचा तपासायचा आणि धाडायचा. तापानं फणफणलेला असतानासुद्धा ही रीत त्यानं मोडली नाही.

गेल्या महिन्यात तो मिठबावला आला. एक चूक फक्त माझ्याच जुन्या संगणकावर दिसत होती. ती पटकन सापडली... पण पाहुणा काही उठेना! संचितानं त्याचा घोडा केला, अंगणातल्या खळ्यात फेऱ्या मारल्या. आणि एकदम तो थांबला. छातीतून शिट्टीसारखा आवाज. त्यानं खिशातून पंप काढून ओढला. श्वास जागेवर येईपर्यंत मी त्याच्या छातीवरून नजर काढली नाही.

"दमा आसा तुका? आणि घरात एकटो रवतंस?"

"आता तुका कळला. मगे मी एकटो खंय?"

एसटीची वाट बघताना त्यानं विचारलं, "तुमच्या दोघींच्या घरात माका जागा आसा?"

उत्तर ओठांवर आलं होतं. पण लेकीची आई प्रत्येक गोष्ट तीनदा बघते. या घरातून गेलेला एक माणूस परत आलेला नाही.

"फॉन्टची ही शेवटची जोडी लागांदे..." मी नजर चुकवली. "मगे सांगतलंय."

"बघ हां! लवकर धाडीन."

आणि आज निरोप आला — 'पहिलो धाडलंय. चाय ठेवतंय. दुसऱ्याबरोबर माका उत्तर व्हया.'

मी वेडीनं केससुद्धा विंचरले. मग वाट बघितली... एव्हाना चहा आटून गेला असेल. फोन वाजतोय, तो उचलत नाही. सकाळपासून वारं पिसाटलंय, आणि ही ओल त्याच्या छातीला सोसत नाही. त्याची आई गोव्याला लेकीकडे असते. शेजाऱ्यांचा नंबर मी कधी घेतलाच नाही, उगाच चर्चा नको म्हणून. पोलीस ठाण्यात कळवलं. रस्त्यात झाडं पडलीत, माणूस मोकळा झाला की धाडतो, म्हणाले. एसटी बंद. मांडीवर संचिता तापलेली, मधेच डोळे उघडते — "अनिशकाका कधी येतलो गो आई?"

त्याला 'हो' लिहून धाडलंय मी. वाचल्याची खूण येत नाही.

तुमच्यापैकी कुणी वेंगुर्ल्यात असाल, तर एवढं करा. बंदराकडे उतरताना काजूच्या कारखान्यामागे निळ्या दाराचं कौलारू घर आहे. हाक मारा. ओ आली नाही तर दार ढकला, कडी सैल आहे. आधी गॅस बंद करा, खिडक्या उघडा. पंप शर्टाच्या खिशात असेल. आणि त्याच्या कानाशी जाऊन सांगा — दुसरा पॅच राहू दे, अक्षया हो म्हणाली.

जाल ना?