पाच पृष्ठांचा घन

सन दोन हजार अठराचा डिसेंबर. नागपुरात त्या वर्षी थंडी अशी कडाक्याची पडली होती की भर दुपारीही माणसं उन्हाचा तुकडा शोधत उभी राहायची. अशाच एका संध्याकाळी हुडकेश्वरच्या चंद्रभान मिठाईवाल्याकडे लाल स्वेटर घातलेली एक मुलगी आली आणि म्हणाली, "काका, एक किलोचे चार डबे द्या… रिकामे."

चंद्रभानचा हात थबकला. "बाई, बर्फी खाणारे पाह्यले, पेढे खाणारे पाह्यले. डबे खाणारी आजच पाहून राहिलो!"

मागून कुणीतरी खळखळून हसलं. तिनं वळून पाहिलं. पुठ्ठ्याचे गठ्ठे खांद्यावरून उतरवत एक सावळा, उंच तरुण उभा होता.

"हसून काहून राहिले तुम्ही?" ती फणकारली. "पहिलीच्या पोरांले शिकवाचं आहे. फळ्यावर घन काढला की म्हणतात, मॅडम, तुमचा चौकोन वाकडा झाला!"

तो आणखीच हसला. मग गठ्ठ्यातून एक सपाट पुठ्ठा ओढून त्यानं दोन्ही हातांनी नुसता झटका दिला… आणि पाहता पाहता त्याचा डबा झाला!

त्या मुलीचा, रोशनीचा, राग कुठल्या कुठे गेला. "पुन्हा करा न."

त्यानं पुन्हा केलं.

"पुन्हा…"

"मॅडम, मी रातभर करीन," तो म्हणाला, "पण काका मले दुकानाबाहेर काढतील."

तो संघपाल. मिठाईचे डबे बनवायचा त्याच्या घरचा छोटा कारखाना होता. रोशनी नागपूरजवळच्या कुहीची. वडिलांची धानाची शेती. इथल्या एका खाजगी शाळेत ती पहिलीला शिकवायची, पण नोकरी कच्ची होती. फेब्रुवारीत मुख्याध्यापिका वंदना मॅडम वर्गात बसून तिचा पाठ पाहणार आणि तिला कायम करायचं की नाही ते ठरवणार होत्या. वडिलांनी, भैय्याजींनी, बजावलं होतं, "कायम झालीस तर राह्य नागपूरले. नाई तर उन्हाळ्यात घरी ये. एक-दोन स्थळं पाहून ठेवली आहेत." भैय्याजी एकदा दिलेला शब्द मागे घेत नसत.

पाठासाठी रोशनीनं विषय निवडला घनाकृती. संघपाल म्हणाला, "वस्तू मी बनवतो." शाळा शनिवारी सकाळची, दुपारी वर्ग रिकामा झाला की तो पुठ्ठे, कात्री, खळ घेऊन यायचा. एक शंकू झाला, दोन इष्टिकाचिती झाल्या. दंडगोल झाला तेव्हा तो बाकावरून गडगडत तिच्या पायाशी गेला, आणि उचलताना दोघांची बोटं लागली… दोघंही उगाचच खिडकीबाहेर पाहत राहिले.

"आता गोल बनवा," ती एकदा म्हणाली.

"पुठ्ठ्याचा गोल होत नाई." त्यानं खिशातून संत्रं काढून तिच्या तळहातावर ठेवलं. "हा घ्या. शिकवा मले. कडा किती?"

"एकही नाही."

"कोपरे?"

"तेही नाहीत. म्हणून तर एका जागी ठरत नाही."

"माह्यासारखं," तो हळूच म्हणाला. "कुठूनही निघालो तरी गडगडत इकडंच येऊन राहिलो…"

रोशनीनं मान खाली घातली आणि संत्रं सोलायला घेतलं. सगळा वर्ग त्या वासानं भरून गेला.

पाठाच्या दिवशी सकाळी तो फाटकाशी आला. सगळ्या वर्गाला मागच्या बाकापर्यंत दिसेल असा मोठा लालभडक घन त्यानं खास बनवून वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. "पोरांसमोरच उघडा," म्हणाला. घंटा झाली होती. ती तशीच पळाली.

वंदना मॅडम मागे बसल्या. पाठ छान रंगला. शंकूचं टोक पोरांनी बोटानं टोचून पाहिलं, दंडगोल गडगडवला. मग रोशनीनं लाल घन बाहेर काढला आणि चिमुरड्या वेदिकाला पुढे बोलावलं. "सांग बरं, याला पृष्ठं किती?"

वेदिकानं प्रत्येक बाजूवर हात ठेवत मोजलं. "एक, दोन, तीन, चार… पाच!"

"नीट मोज हं, सहा आहेत."

"पाचच आहेत, मॅडम."

रोशनीनं घन उलटा केला. तळ उघडाच होता! तिचे कान तापले. मागे वंदना मॅडमचं पेन थांबलं.

एक क्षण तिला वाटलं, आता संपलं सगळं. मग तिनं तो उघडा घन पोरांसमोर धरला. "वेदिका बरोबर आहे. पाचच आहेत. मग सहावं गेलं कुठं?"

"हरवलं!"

"उंदरानं खाल्लं!"

आयुष नावाच्या खोडकर पोरानं घन थेट डोक्यावर घातला आणि आतून ओरडला, "मॅडम, इथं मी आहे!" वर्ग हसून हसून लोळला. वेदिकानं मात्र तो त्याच्या डोक्यावरून ओढून काढला, उघडी बाजू खाली करून टेबलावर ठेवला आणि गंभीरपणे म्हणाली, "आता टेबल सहावं."

वंदना मॅडम वही मिटून उठून गेल्या.

फाटकाशी संघपाल वाट पाहत होता. "कसा झाला पाठ?"

"झाकण कुठं होतं?" रोशनीच्या डोळ्यांत पाणी होतं. "सहावी बाजू कुठं होती?"

"झाकण?" तो गोंधळला. "मॅडम, डबा कोणी सगळीकडून बंद करते का? मंग बर्फी कुठून भराल?"

ती रडता रडता हसली. मग पुन्हा रडली. "आता माही नोकरी गेली. उन्हाळ्यात कुहीले जा लागते मले. बाबानं स्थळं पाहिली आहेत…"

त्यानं फाटकाला पाठ टेकली. मग म्हणाला, "कुहीले मिठाईची दुकानं किती?"

"काहून?"

"मी तिथं डबे विकाले येईन न. पहिले तुमच्या बाबाले भेटीन."

"एकच दुकान आहे… धड चालत नाही."

"एक पुरे मले."

रोशनीनं ओढणीनं डोळे पुसले. "मग ये," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'या' नाही, 'ये'.

वंदना मॅडमनी तिला बोलावलं ते आठ दिवसांनी. "वस्तू चुकीची होती," त्या म्हणाल्या. "पण तुमची मुलं तुमच्या तोंडाकडे पाहून उत्तर देत नाहीत, वस्तूकडे पाहून देतात. हे मी वीस वर्षांत थोड्याच वर्गांत पाहिलं. जूनपासून तुम्ही कायम."

संघपाल खरंच कुहीला जाऊन भैय्याजींना भेटला, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या बुद्धविहारात दोघांचं लग्न झालं. आपण पाहिलेली स्थळं तशीच राहिली म्हणून भैय्याजी आधी आठवडाभर जावयाशी बोलले नाहीत. आता दर पंधरा दिवसांनी नव्या तांदळाचं निमित्त काढून येतात. लॉकडाऊनमध्ये मिठाईची दुकानं बंद पडली तेव्हा संघपालनं रामदासपेठेतल्या दवाखान्यांसाठी औषधांचे खोके बनवले आणि कारखाना तगवला. चंद्रभानकाका आता थकले, गल्ल्यावर त्यांची सून बसते. वंदना मॅडम निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेल्या. वेदिका आठवीत आहे आणि अजूनही शिक्षकांचं पटकन मान्य करत नाही. आयुषचे आईवडील बदली होऊन गेले. तो कुठे आहे कुणाला ठाऊक, पण जिथे असेल तिथे वर्ग हसत असेल.

आणि रोशनी अजून पहिलीलाच शिकवते. शनिवारी शाळा सुटली की संघपाल तिला घ्यायला फाटकाशी येतो, नेहमी थोडा आधीच. बाकीच्या बाया म्हणतात, "आले वं तुझे!" ती ऐकून न ऐकल्यासारखं करते आणि पुसलेला फळा पुन्हा एकदा सावकाश पुसते… तो तिकडे उभा आहे, हे आणखी थोडा वेळ नुसतं जाणवत राहावं म्हणून.