दोन मिलिमीटरची गोष्ट

कीबोर्डच्या पोटातून निघालेला ऐवज: बिस्किटाचा चुरा, मांजरीचे केस, कुणाच्या तरी कानातल्याची फिरकी.

पाऊस तिरका. छत्र्या सरळ.

"आमची मुलगी कॉम्प्युटरमध्ये असते," आई शेजारच्या काकूंना सांगते. काकूंना काळजी वाटते, आत उकडत असेल.

बाबा, रोज, चहाबरोबर: "शिकलीस काय, करतेस काय!"

मामाच्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानाच्या दारात एक चिंब माणूस. त्याच्या जॅकेटात, पोटाशी धरलेला, एक ठणठणीत कोरडा लॅपटॉप.

तर गोष्ट या माणसाची.

"मालक आहेत का?"

"मालक माझे मामा. जेवायला गेलेत. काय झालंय याला?"

"नाही, थांबतो मी. जरा... टेक्निकल आहे."

"हो का? बसा मग. मीपण केव्हाची एखाद्या टेक्निकल माणसाचीच वाट बघतेय."

तो बसला. त्याच्या केसांतलं पाणी टपटप माझ्या बिलबुकावर पडत होतं. मी लॅपटॉप ओढला, उलटा केला, उघडला. पंख्यात लोकरीसारखा धुळीचा गुंडा अडकला होता. चिमट्याने काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"हे तुमचं टेक्निकल."

तो हसला. आधी डोळे, मग बाकीचा चेहरा – अशा क्रमाने. मी उगाचच पंखा दुसऱ्यांदा पुसला.

तो प्रोग्रामर होता. मीही दीड वर्ष होते, हे ऐकल्यावर त्याचा चेहरा असा झाला, जसं कुणी चालू मशीनची वायरच उपटली.

"सोडलंत? का पण?"

"तिथे चूक सापडली की म्हणायचे, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. इथे पंखा फिरतो, नाहीतर फिरत नाही. आणि माणूस समोर ठिबकत बसलेला असतो."

त्याने घाईघाईने रुमाल काढला. तोही ओलाच निघाला.

*

आठ दिवसांनी परत हजर.

"H उमटत नाही. ना 'हो' लिहिता येतंय, ना 'नाही'. मोठी पंचाईत आहे हो."

"कुणी विचारलंय का काही?"

"अजून... नाही."

मी H ची की उचकटली. खाली खोडरबराचा तुकडा. चौकोनी. चारही बाजूंनी नीट कापलेला. असा तुकडा कुणाच्या कीबोर्डात आपणहून जात नाही. दोघंही त्या तुकड्याकडे बघत राहिलो, जणू तो पाहुणा आहे आणि आता त्यानेच विषय काढावा.

तो गेल्यावर मामा म्हणाला, "पोरी, तुझा खोडरबर काही साधा नाही हां."

"माझा कुठला? गिऱ्हाईक आहे."

"बरं. गिऱ्हाईक-खोडरबर."

*

मग सोमवारी तो लॅपटॉप न घेताच धापा टाकत आला.

"तुमचं नाव आलंय आमच्या कंपनीत! तुमच्या वडिलांनी अर्ज दिला म्हणे. जागा पक्की आहे, फक्त शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा." मग आवाज एकदम खाली आला. "माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. खिडकीजवळची."

घरी बाबा पेढा मिळाल्यासारखे बसले होते. "आता तरी नखं पांढरी दिसतील," म्हणाले.

खरं सांगते, नोकरीचा मोह मला क्षणभरही झाला नाही. खुर्चीचा झाला. चार दिवस झाला. मंगळवारी मी एका आजोबांच्या प्रिंटरमध्ये कागद उलटा घातला आणि प्रिंटरलाच रागावले. होकार दिला तर तो रोज हाताच्या अंतरावर. नकार दिला तर... कुठल्या तोंडाने येईल तो? आणि कशाला?

*

शुक्रवारी तो आला. पाच जिने चढून आल्यासारखा घामाघूम, आणि आमचं दुकान तळमजल्यावर.

"बंद पडला. खरंच बंद पडला."

"खरंच म्हणजे? एरवी—"

"उघडा ना, प्लीज."

मी उघडला. माझी एक पद्धत आहे: कागदावर लॅपटॉपची आकृती काढायची आणि प्रत्येक स्क्रू निघाला तसा त्याच्या जागी टोचून ठेवायचा. कारण स्क्रू दिसतात सारखे, नसतात. सहावा स्क्रू हातात आला आणि मी थांबले. तीन मिलिमीटरच्या भोकात पाच मिलिमीटरचा. जादा दोन मिलिमीटर थेट मदरबोर्डात घुसले होते. केसाएवढी तांब्याची रेघ तुटली होती.

"कुणी उघडला हा?"

बाहेर स्कूटरचा हॉर्न.

"मीच. कीबोर्डच्या केबलची पट्टी सैल करायची होती. खोडरबर... दुसऱ्यांदा चालला नसता."

"आणि स्क्रू?"

"आठ काढले, आठ लावले! मोजून!"

मामा मागे खुर्चीत हसून हसून खोकायला लागला. आजवर त्याने मला बोर्डाला हात लावू दिला नव्हता. फार तर पंखे, पडदे, बॅटऱ्या. आता डोळे पुसत उठला, भिंग माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "बस. तुझंच गिऱ्हाईक आहे."

मी बसले. श्वास धरून केसासारखी तार त्या तुटक्या रेघेवर ठेवली, आणि तेवढ्यात फोन वाजला. मामाने तो माझ्या कानाला लावला. बाबा.

"अगं, आज शुक्रवार! त्यांना काय सांगू?"

तार थरथरली. मी तिला थांबवलं. मग हातही थांबला, आणि चार दिवसांचं सगळंच थांबलं.

"नाही म्हणून सांगा बाबा. माझे हात गुंतलेत."

"...कशात?"

"बोर्डात."

सोल्डरचा डाग बसला. टाका चमकला. बटण दाबलं. एक सेकंद... दोन... आणि दिवा लागला. पंखा फिरला.

मान वर करायचा धीर होत नव्हता.

"म्हणजे ती खुर्ची..." तो म्हणाला.

"दुसरं कुणी बसेल."

"बसू दे." मग अगदी हळू, "पण आता हा बिघडवता यायचा नाही. म्हणजे, मी नाही बिघडवणार. मग मी इथे येऊ कसा?"

"दारातून ये. सगळे येतात तसा."

'ये' म्हणाले मी. 'या' म्हणायचं राहूनच गेलं. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण आधी डोळे हसले.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस ते."

मामाला अचानक जेवायला जायची आठवण झाली. सकाळचे अकरा वाजले होते.

आणि बाबांचं म्हणाल, तर माझा पहिला स्क्रू ड्रायव्हर मला त्यांनीच आणून दिला होता. मी तेव्हा सात वर्षांची होते.