चौथ्या मजल्यावरचा हिरवा ठिपका

दुपारी दीड वाजता इंजिनिअर बाईंनी मास्टर किल्लीने चौथ्या मजल्यावरची कोपऱ्यातली केबिन उघडली. आत चिटपाखरू नव्हतं आणि एसी मात्र जोरात चालू होता.

वीज वाचावी म्हणून ऑफिसच्या या इमारतीत नवी यंत्रणा त्यांनीच बसवली होती. छतावरचा सेन्सर हालचाल टिपतो. माणूस असेल तर एसी सुरू, दहा मिनिटं काहीच हललं नाही तर बंद. सगळीकडे सुरळीत चाललं होतं. फक्त ही केबिन, चार महिने रिकामी असूनही, रोज दुपारभर गार पडायची. तळघरातल्या संगणकाच्या पडद्यावर तिचा ठिपका हिरवा असायचा, म्हणजे माणूस हजर.

मॅनेजरने खापर फोडलं ते ऑपरेटर काकांवर. तीस वर्षं हाताने एसी चालवणाऱ्या म्हाताऱ्याला नवी यंत्रणा खुपते, दुसरं काय? संध्याकाळपर्यंत वेगळं कारण सापडलं नाही तर त्यांना कायमचं घरी बसवतो, असं त्याने बजावलं होतं. बाईंना ते पटेना. याच काकांनी त्यांना इमारतीतला एकेक पाइप हौसेने दाखवला होता.

त्यांनी वर पाहिलं. एसीच्या जाळीला लाल रिबीन फडफडत होती, कडा हाताने शिवलेली. वारा येतो की नाही ते कळावं म्हणून पूर्वी काका प्रत्येक जाळीला चिंधी बांधत. पण यंत्रणा बसवताना बाईंच्या माणसांनी त्या तर सगळ्या काढून टाकल्या होत्या.

बाईंनी वॉचमनला बोलावलं.

"इथं कोण बसायचं?"

"एक मुलगी. नकाशे काढायची. आजारपणात गेली बिचारी."

"किल्ली कुणाकडे असते?"

"एक माझ्याकडे, एक काकांकडे."

"मुलगी कशी होती?"

"गुणी. पण जरा विचित्र. हा गारवा सोडून डबा खायला तळघरातल्या उकाड्यात जायची. आम्हाला हसू यायचं."

बाईंना हसू आलं नाही. त्या जिना उतरून तळघरात गेल्या.

काका पडद्यासमोर डबा उघडून बसले होते. बाई शेजारच्या स्टुलावर टेकल्या.

"काका, जेवायच्या आधी तुम्ही वर जाता. तुमच्या हालचालीने एसी सुरू होतो. वाऱ्याने रिबीन हलते, सेन्सरला वाटतं माणूस आहे, म्हणून एसी चालूच राहतो आणि रिबीन हलत राहते. इमारत बंद होईपर्यंत." त्या थांबल्या. "ती तुमची कोण?"

"मुलगी." काकांनी डोळे पडद्यावरून काढले नाहीत. "तीच म्हणाली, इथं नातं सांगू नका, लोक म्हणतील वशिल्याने लागली. रिबीन तिच्या शाळेतली. म्हणायची, बाबा, ती हलली की कळतं तुम्ही खाली आहात." त्यांनी हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "आता हा दिसला की मला घास उतरतो."

यंत्रणा बाईंची होती आणि आज त्यांना तिची चीड आली.

"एक चिंधी माझ्या माणसांकडून काढायची राहिली, असं अहवालात लिहिते मी. पण काका, ती आज काढावी लागेल."

"मीच काढतो," काका म्हणाले आणि उठले.

बाई पडद्यासमोर बसून राहिल्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली. रिबीन केव्हाच उतरली असणार, तरी ठिपका हिरवाच होता. या वेळी यंत्रणा चुकत नव्हती.

मग तो विझला. बाईंनी काकांच्या डब्यावर झाकण ठेवलं. त्यातला एक घासही कमी झाला नव्हता.