निळा डबा आणि बेथ कर्मोची किल्ली

पंधरा ऑगस्टला दुपारी बाराच्या आत एक किल्ली बेथ कर्मो गावच्या चर्चपाशी पोहोचवायची, एवढंच आमच्या मोहिमेचं उद्दिष्ट होतं. किल्ली वीतभर लांब, लोखंडी. गेली चाळीस वर्षं ती जर्मनीत, र्युसेल्सहाइममधल्या एका फ्लॅटमध्ये कपबशांच्या कपाटात पडून होती. तिचे मालक आमच्या खालच्या मजल्यावरचे गाब्रिएलकाका.

काका मूळचे तुर्कस्तानच्या आग्नेय टोकाच्या डोंगरातले, सुरयानी ख्रिस्ती. त्यांचे वडील गावच्या चर्चची किल्ली सांभाळत. आजूबाजूला सगळी मुसलमान गावं, मध्ये ही मूठभर ख्रिस्ती घरं. तीही एकेक करून युरोपात निघून गेली. वडिलांमागे किल्ली काकांकडे आली, आणि मोठ्या बहिणीला, शमिरानला, "दोन वर्षांत परत येतो," असं सांगून काकाही ती घेऊन जर्मनीला आले. बहीण गावातच राहिली. आता ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. दर पंधरा ऑगस्टला, मेरीच्या सणाला, पलीकडच्या गावाहून धर्मगुरू खेचरावर बसून येत, बंद दारासमोर अंगणातच प्रार्थना म्हणत आणि दुपारी पुढच्या गावाला जात. शमिरान तेवढा वेळ दारावर हात ठेवून उभी राहायची.

"मग किल्ली पोस्टानं पाठवायची ना," नागेश म्हणाला. नागेश माझा नवरा. गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. कुणी अडचण सांगितली की उपाय सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

"पोस्टानं पाठवली असती, तर मी येत नाही हे तिला कळलं असतं," काका म्हणाले.

यंदा काका जायचंच म्हणत होते, पण डॉक्टरांनी काकांचा विमानप्रवास बंद केला, आणि आमची सुट्टी नेमकी तुर्कस्तानात ठरलेली. काकांनी मला समोर बसवलं. "दार उघडायचं. तिला आत प्रार्थना करू द्यायची. पुन्हा कुलूप लावायचं आणि किल्ली मला आणून द्यायची. परत आणायची, ऊर्मिला. अगदी अस्संच. गेनाऊ?"

"गेनाऊ," मी म्हणाले.

हानाकाकूंनी किल्ली एका निळ्या पत्र्याच्या डब्यात तळाशी ठेवली आणि वर खजुराची बिस्किटं भरली. तो डबा माझ्या चांगल्या ओळखीचा. माझ्या चकल्या घेऊन खाली जायचा आणि काकूंच्या हातचं काहीतरी घेऊन वर यायचा. डबा रिकामा परत करायचा नाही हे मला आईनं शिकवलं. काकूंना कुणी शिकवलं, ते मी कधी विचारलं नव्हतं.

बेथ कर्मोचा रस्ता वसंतातल्या पुरात वाहून गेला होता. राहिली चौदा किलोमीटरची पायवाट, तीही घळीतून. पहाटेची अजान संपता संपता आम्ही खालच्या गावातून निघालो. वाटाड्या बेदिर, साठीचा कुर्द माणूस, बेथ कर्मोचाच. फ्रँकफर्टच्या विमानतळावर अकरा वर्षं सामान चढवून तो परत आला होता, त्यामुळे आमचं बोलणं जर्मनमधून चाललं. बरोबर त्याचं खेचर. डबा नागेशच्या झोळीत.

सुरुवातीचे दोन तास मजेत गेले. दोन्ही बाजूंना पांढरट चुनखडीचे कडे, मध्येच कुणाची तरी सोडून दिलेली द्राक्षबाग, कुंपणाच्या दगडांवर ऊन खात बसलेले सरडे आणि वाळलेल्या गवताचा वास. नागेश शिट्टी वाजवत होता. आज पंधरा ऑगस्ट, कुठेतरी झेंडावंदन करायला हवं, असं त्यानं दोनदा म्हणून घेतलं.

वाटेत एक झरा लागला. वरच्या कातळात क्रूस कोरलेला आणि खाली वितळलेल्या मेणाचे थर. बेदिर खेचराला पाणी पाजत होता. नागेशनं सवयीनं बूट काढून बाजूला ठेवले आणि हात जोडून डोळे मिटले. मीही माझे काढणारच होते, तेवढ्यात काळ्या तोंडाचं, वासराएवढं धनगरी कुत्रं आलं आणि त्याचा डावा बूट तोंडात धरून चढ चढायला लागलं!

"अरे नागेश, बूट!"

नागेश धावला. कुत्रं त्याच्याहून चांगलं धावलं.

"बूट कशाला काढले?" बेदिरनं विचारलं.

"देवासमोर बूट घालून उभं राहायचं?" हात हलवत परत आलेला नागेश म्हणाला.

बेदिरला ते पटलं. "मशिदीत आम्हीही काढतो," तो म्हणाला, "पण आधी कुत्रं कुठे आहे ते बघतो."

डाव्या पायाला दोन मोजे आणि वर माझा टॉवेल गुंडाळून नागेश चालू लागला. त्याची शिट्टी बंद झाली. नऊ वाजून गेले. दगड तापले. काट्यांनी टॉवेलच्या चिंध्या केल्या. आणि मग वाटच संपली. दरड कोसळून कड्याला चिकटलेली पाऊण हाताची कपार तेवढी उरली होती. खेचर तिथेच बांधलं, त्याच्या ओझ्याचा दोर बेदिरनं खांद्यावर घेतला. बेदिर पुढे, मी मध्ये, नागेश मागे. पाठ कड्याला, पावलं आडवी.

अर्ध्यावर नागेशचा मोजा घसरला. दगड सुटले. त्यानं दोन्ही हातांनी कपार धरली. तो वाचला! पण झोळीचा बंद तुटला. डबा खण्णकन आपटला, उडाला आणि पंधरा फूट खाली एका रानपिस्त्याच्या झुडपात अडकला. त्याच्या खाली घळ होती.

मला दारावर हात ठेवून उभी असलेली म्हातारी दिसत होती.

सगळ्यांत हलकं कोण, यावर चर्चा झाली नाही. दोघांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. कॉलेजात असताना मी सह्याद्रीत कातळ चढले होते. त्याला पंचवीस वर्षं आणि दहा किलो झाले होते. कपार पार केल्यावर बेदिरनं खांद्यावरचा दोर माझ्या कमरेला बांधला, स्वतः एका खडकाला टेकून बसला आणि म्हणाला, "मी अकरा वर्षं बॅगा उचलल्यात. तू उतर."

मी उतरले. पाय चाचपडत होता. खोबण सापडली. दुसरी सापडली. तिसरी नव्हतीच! मी दोरावर लोंबकळत हात लांब केला. बोटं पत्र्याला लागली. डबा हलला. झुडूप करकरलं. मी डबा ओढून छातीशी धरला आणि मराठीत ओरडले, "ओढा!" बेदिरला मराठी येत नव्हतं, पण त्यानं ओढलं.

वर आल्यावर मी आधी झाकण उघडलं. डब्याला पोचा पडला होता, बिस्किटांचा भुगा झाला होता, किल्ली शाबूत होती.

पावणेबाराला आम्ही बेथ कर्मोत पोहोचलो. चार धूर निघणारी घरं, बाकीची पडकी. चर्चच्या अंगणात धर्मगुरू, सात-आठ माणसं, द्राक्षांच्या टोपल्या, आणि दारापाशी काळा रुमाल बांधलेली बारकीशी शमिरान. मी डबा पुढे केला, पण तिची नजर नागेशच्या रक्ताळलेल्या पायावर गेली. ती बाजूच्या घरात जाऊन पाण्याचं तांब्याचं भांडं घेऊन आली आणि त्याच्यापुढे खाली बसून त्याचा पाय हातात घ्यायला लागली.

नागेश विंचू चावल्यासारखा मागे सरकला. आजीच्या वयाची बाई आपल्या पायाला हात लावतेय! तो तिचेच पाय धरायला वाकला. ती त्याचा पाय सोडेना, तो तिच्या पायांपर्यंत पोहोचेना, आणि दोघांची डोकी टाणकन आपटली.

"तिला धुऊ दे," बेदिर हसत म्हणाला. "यांच्या येशूनं शिष्यांचे पाय धुतले होते. ती मानानं करतेय, तू पाप काय मोजतोस?"

नागेश मुकाट्यानं बसला. तिनं पाय धुतला, पुसला, फडकं बांधलं. त्याचे डोळे भरून आले होते. पाय झोंबतोय, असं मला त्यानं नंतर सांगितलं.

मग मी बिस्किटांच्या भुग्यातून किल्ली काढली. शमिरान तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. चाळीस वर्षं बंद असलेलं कुलूप. मी आणि नागेश जोर लावायला बाह्या सरसावून उभे होतो. तिनं एका हातानं किल्ली फिरवली. कुलूप अलगद उघडलं. दार करकरलंसुद्धा नाही.

मी बेदिरकडे पाहिलं. तो टोपी सारखी करत होता. "दर वसंतात ऑलिव्हचं तेल घालतो," तो म्हणाला. "आधी वडील घालायचे. शेजारी परत आला की त्याला दार उघडताना त्रास नको, म्हणायचे."

आत थंडगार अंधार आणि धुळीचा वास. शमिराननं दिवा लावला. प्रार्थना सुरू झाली आणि सगळ्यांनी गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं, अगदी नमाजातल्यासारखं. मला एक अक्षर कळत नव्हतं, आणि तरी तिथून हलावंसं वाटत नव्हतं. मग धर्मगुरूंनी द्राक्षांना आशीर्वाद दिला. तोपर्यंत शमिराननं यंदाचं एकही द्राक्ष तोंडात घातलं नव्हतं, आपल्याकडे नवं धान्य आधी देवाला दाखवतात तसंच. पहिला घोस तिनं उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या बेदिरला नेऊन दिला, दुसरा आम्हाला.

धर्मगुरू गेले. शमिराननं दार लावलं, कुलूप फिरवलं आणि किल्ली निमूट माझ्या हातात ठेवली. किल्ली परत पाठव, हा भावाचा निरोप बेदिरनं तिला सांगितला होता. मग तिनं निळा डबा पुसून त्यात चर्चच्या वेलीचे गेल्या सालचे बेदाणे गच्च भरले. तिच्याकडेही रिकामा डबा परत देत नसावेत.

किल्ली जड होती. मी काकांना शब्द दिला होता. पण ही किल्ली पुन्हा कपबशांच्या कपाटात ठेवायची आणि हिनं पुन्हा दारावर हात ठेवून उभं राहायचं, हे मला जमेना. मी ती तिच्या मुठीत ठेवून मूठ मिटली. तिनं माझ्या कपाळावर ओठ टेकले.

"काकांना काय सांगणार?" परतीच्या वाटेवर नागेशनं विचारलं. त्याच्या पायात बेदिरच्या भावाची जुनी चप्पल होती.

"बघू," मी म्हणाले. कड्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

र्युसेल्सहाइमला पोहोचताच डबा घेऊन आम्ही खाली गेलो. काकांनी झाकण उघडून वास घेतला. मग बेदाण्यांत हात घातला. बोटं खोल गेली, तळाला लागली, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरली.

"किल्ली?"

"शमिरानआत्यांकडे," मी म्हणाले. "दार आता त्या उघडतात. बेदिर तेल घालतो. काका, मी शब्द मोडला."

काकांनी हात डब्याबाहेर काढला. मग त्यांनी एक बेदाणा तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला, आणखी एक टाकला, आणि रुमालानं नाक पुसलं.

"नागेश," ते म्हणाले, "डॉक्टरनं विमान बंद केलंय. गाडीबद्दल तो काही बोललेला नाही. किती दिवस लागतात?"

"आरामात गेलो तर पाच," नागेश म्हणाला. "पुढे धर्मगुरू येतात त्या वाटेनं, खेचरावर." उत्तर त्याच्याकडे तयारच होतं.

हानाकाकूंनी डब्यातले बेदाणे परातीत ओतले आणि रिकामा डबा धुवायला घेतला. "आल्झो," त्या म्हणाल्या, "चला तर, ह्यात भरायला बिस्किटं करायला हवीत."