तीन मिनिटं मागे

शर्टाची पांढरी बटणं संपली होती म्हणून मी खाली दुकानात जायला निघाले, आणि जिन्यात समोरची सिस्टर भेटली. सिस्टर म्हणजे आमच्या समोरच्या दारातली बाई. दवाखान्यात नर्स आहे, सकाळी जाते ती संध्याकाळी सातला येते. एरवी मला बघितलं की ती पायऱ्या भराभर उतरते, कारण मी एका प्रश्नावर थांबत नाही हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. पण त्या दिवशी तीच थांबली. कठडा धरून म्हणाली, "वहिनी, पोरीकडे जरा लक्ष ठेवाल?"

आता मला लक्ष ठेवायला सांगायचं म्हणजे... मी चौदा वर्षं दुसरं काय केलंय? आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. शिलाईचं मशीन दाराला लागूनच आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, अशी किरकोळ कामं मी घेते. हात टीप मारत असतात आणि कान जिन्यात असतात. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरची एक फरशी सुटलेली आहे, तिच्यावर पाय पडला की खट्ट वाजतं. त्या खट्टवरून कोण आलं ते मी सांगते. खात्री करायची असली तर दारातल्या भिंगाला डोळा लावते. आमचे हे त्या भिंगाला माझा टीव्ही म्हणतात. "आज काय दाखवतायत?" असं जेवताना विचारतात. मीही मग सांगते.

तर सिस्टरची पोरगी. तेवीस वर्षांची. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवण्याचं काम करते. महिन्यापूर्वी तिने कुणाच्या तरी घरी, निरोपाच्या पार्टीत, गांजा घातलेला केक खाल्ला. माहीत असून खाल्ला. एका तुकड्याने काही होईना, म्हणून वर आणखी दोन खाल्ले. तासाभराने छाती धडधडायला लागली, आता मी मरते म्हणून ओरडायला लागली. दवाखान्यात नेलं तर हृदय ठणठणीत. नशा दुसऱ्या दिवशी उतरली. पण पोरगी काही परत आली नाही.

हे शेवटचं वाक्य माझं नाही, तिचंच आहे. मी पहिल्यांदा तिच्याकडे जाऊन बसले तेव्हा ती म्हणाली, "काकू, मी अजून आलेच नाहीये तिथून."

"म्हणजे काय गं? ही काय बसलीयस माझ्यासमोर."

"बसलीय ती. मी जरा मागे आहे." तिने स्वतःचा हात उलटसुलट करून बघितला, दुकानातली वस्तू बघावी तसा. "हा माझाच हात आहे, मला माहीत आहे. पण नुसतं माहीत आहे."

डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं. वेड लागलेलं नाही. मन इतकं घाबरलं की दोन पावलं मागे जाऊन उभं राहिलंय, येईल हळूहळू पुढे. त्या वस्तूला पुन्हा हात लावायचा नाही. वेळेवर झोप, जेवण, काम सोडायचं नाही. सारखं सारखं स्वतःला तपासत बसायचं नाही. आणि फारच घाबरायला झालं तर बर्फाचा खडा मुठीत धरायचा. बर्फ माझ्याच फ्रिजमधून जायचा. मी तिच्या मुठीत खडा द्यायचे आणि विचारायचे, "गार लागतंय का?"

"गार आहे, हे कळतंय," ती म्हणायची. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं, पण तिची मूठ हलायची नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने आवाज एकदम खाली आणला. दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन होतं, तरी मला दार लावून घ्यावंसं वाटलं.

"काकू, तुम्ही भिंगातून बघता ना?"

"छे गं, मी कशाला..."

"बघता हो. मला राग नाही. उलट बरंच आहे. उद्या मी येईन तेव्हा नीट बघा. आणि मला सांगा... मी एकटीच येते का?"

मी हसले. ती हसली नाही. "जिना चढताना मागून कुणी तरी येतं. माझ्यासारखंच चढतं. मी घरात शिरते, दार लावते, आणि मग ती वर पोचते. डॉक्टर म्हणतात, भास आहे. तुम्ही सांगितलंत तर मी मानेन."

दुसऱ्या दिवशी तीन चाळीसला खालून चपलांचा आवाज आला. तिची चाल मला पाठ आहे, दोन पायऱ्या झपझप आणि तिसरीवर थोडं थांबल्यासारखं. खट्ट. भिंगात ती दिसली, एकटी. कुलूप काढलं, आत गेली. मी हुश्श केलं आणि बॉबिन, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याची रीळ, भरायला घेतली.

बॉबिन भरायला साधारण तीन मिनिटं लागतात. भरत आली आणि जिन्यात दोन पायऱ्या झपझप वाजल्या. तिसरीवर थोडं थांबल्यासारखं झालं.

खट्ट.

मी भिंगाला डोळा लावला. पावलं वर आली, समोरच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. तिथे कुणी नव्हतं. उन्हाचा पट्टा होता, सिस्टरचं पायपुसणं होतं. पायपुसण्याचा कोपरा मात्र, कुणी पाय पुसावेत तसा, हळूच मुडपला आणि सरळ झाला. कसला तरी वास आला. माझ्या मशीनच्या तेलाचा नव्हता. काच घासताना पाणी मारतात ना, तसला ओला, भुकटीचा वास. तो त्या पोरीच्या कपड्यांना येतो.

संध्याकाळी तिने विचारलं. मी म्हणाले, "एकटीच आलीस बाई. अगदी एकटी. मी टक लावून बघत होते."

खोटं बोलले. तुम्ही काय केलं असतं?

पंधरा दिवस मी रोज खोटं बोलले. त्या खोट्याने तिला जरा बरं वाटायचं, नाही असं नाही. भाजी चिरायला लागली, सिस्टरशी भांडायला लागली. पण बर्फ तसाच वितळायचा. आणि एका मंगळवारी ती बोटाला मोठं बँडेज बांधून आली. घासायच्या चाकावर बोट गेलं होतं. काच लाल झालेली दिसली तेव्हा तिला कळलं.

"दुखलं नाही गं?"

"माहीत नाही काकू." ओठ पांढरे पडले होते. "मालक म्हणाले, पुन्हा असं झालं तर चाकावर बसू देणार नाही. ते एवढं काम तरी माझं होतं..."

ती आत गेली. मी दार लावलं, पण भिंगापाशीच उभी राहिले. तीन मिनिटांनी खट्ट झालं. पावलं तिच्या दाराशी येऊन थांबली. रोजच्यासारखीच. आत जाता येत नाही आणि परतही फिरता येत नाही, असं कुणी तरी तिथे उभं होतं, गेले कित्येक दिवस.

माझा एक वाईट स्वभाव आहे. दारात कुणी ताटकळत उभं राहिलेलं मला बघवत नाही. कुरिअरवाल्याला मी पाणी देते, मीटरवाल्याला खुर्ची देते. आमचे हे म्हणतात, चोर आला तरी ही त्याला आधी बसवेल. मी दार उघडलं आणि त्या रिकाम्या जागेकडे बघून अगदी हळू म्हणाले, "अगं, तिला सोड आता. तिथे नको उभी राहूस... ये. इकडे ये. बस जरा."

काहीच झालं नाही. काचेच्या भुकटीचा वास तेवढा अंगावरून आत गेला. मी दार लावलं.

दुसऱ्या दिवशी मी पोरीच्या मुठीत बर्फ दिला आणि ती केवढ्यांदा ओरडली! "आई गं! काकू, गार आहे!" खडा उडून कपाटाखाली गेला. ती रडायला लागली, मीही रडले. बोट ठणकतंय म्हणून रडली, ठणकतंय म्हणून हसली. सिस्टरने माझे हात धरले. डॉक्टर म्हणाले, हे असंच हळूहळू होतं, आम्ही सांगितलं होतंच. खरं आहे. मी कोण त्यांना खोटं पाडणार? पोरगी आता चाकावर बसते, पोटभर जेवते, रात्री झोपते. तिच्यामागून कुणी येत नाही. मी बघते ना.

हे झालं त्याच्या पुढच्या आठवड्यात मी पुन्हा बटणं आणायला गेले. परत आले, दार लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली, मशीनवर बसले आणि बॉबिन भरायला घेतली.

माझा उजवा गुडघा जुना दुखणेकरी. त्यामुळे माझी चाल एक पाऊल जड, एक ओढल्यासारखं, अशी. इमारतीतलं शेंबडं पोरही ओळखेल.

जिन्यात एक जड पाऊल वाजलं. मग एक ओढल्यासारखं.

खट्ट.

मी भिंगाला डोळा लावला. या वेळी जागा रिकामी नव्हती. बटणांची पुडी हातात घेऊन मी वर येत होते. कठड्याला टेकले, दम खाल्ला. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. पोरीला सुट्टी होती.

"काय काकू, आज एवढा उशीर?"

मला ओरडायचं होतं, मी इथे आहे, आत आहे. तोंड उघडलं की नाही तेही मला समजलं नाही.

"काकू, एक विचारू? शेवटचं. तेव्हा... मी खरंच एकटी यायचे ना?"

जिन्यातल्या बाईने पुडी या हातातून त्या हातात घेतली. मग मान वळवून तिने माझ्या दाराकडे बघितलं, नेमकं भिंगात.

"एकटीच यायचीस गं," ती म्हणाली. आवाज माझाच होता, माझ्यापेक्षा प्रेमळ. "मी बघत होते ना."

पोरगी हसली, आत गेली. नंतर भिंग काळं झालं. बाहेरून कुणी तरी त्याला डोळा लावला होता.

मी दार उघडलं नाही. दुसऱ्याला "ये, बस" म्हणणारी मी, त्या दिवशी मला ते जमलं नाही.

तेव्हापासून माझा गुडघा दुखत नाही. आमचे हे खूश आहेत, म्हणतात, चोळायच्या तेलाने गुण आला. मी भराभर जिना चढते. तीन मिनिटांनी मागून ती लंगडत येते आणि दाराशी थांबते.

काल पोरीने माझा चेहरा बघितला आणि न विचारता बर्फाचा खडा आणून माझ्या मुठीत ठेवला. शेजारी बसून राहिली. पाणी कोपरापर्यंत ओघळलं, पदर भिजला.

"काकू," तिने हळूच विचारलं, "गार लागतंय ना?"

ती आता बरी आहे. तिला पुन्हा घाबरवायचं नाही.

"हो गं," मी म्हणाले. "किती गार आहे."