ईराचे पैंजण

बाबांचा डोळा बरा झाला, तरी बाबांना ईरा दिसेना. आहे की नाही कोडं?

ईराचे बाबा कोल्हापुरात हार्मोनियम दुरुस्त करत. ते तान्हे असतानाच त्यांचं दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला, मागच्या बाजूचा पडदा) निकामी झालं होतं. आता एका नावाजलेल्या दृष्टी संशोधन संस्थेत त्यांच्या डोळ्यात तांदळाच्या दाण्याहून लहान चकती बसवली होती.

बाबा लेकीला ओळखत ते तिच्या पैंजणांवरून. ईराला तेवढ्यानं भागत नव्हतं. स्नेहसंमेलनात ती नाचायची तेव्हा बाकीच्यांचे बाबा बघत बसायचे, तिचे बाबा कान देऊन बसायचे. एकदा तरी बाबांनी आपल्याला बघावं, असं तिला फार फार वाटे. म्हणून संस्थेत डोळ्यावरची पट्टी सुटायच्या दिवशी ईराबाईसाहेबांनी पैंजण काढून ठेवले, आईलाही गप्प बसवलं आणि बाबांच्या खुर्चीशेजारी श्वास रोखून उभ्या राहिल्या. बाबांनी फक्त डोळ्यांनी ओळखायला हवं होतं ना!

बाबांनी मान फिरवली. "उजेड आहे. पांढरे-काळे डाग आहेत. पण ईरा कुठं आहे?"

ईरा रडत बाहेर पळाली.

खोलीत हे सगळं बघत असलेले संस्थेतले म्हातारे शास्त्रज्ञ डॉ. सरनोबत तिच्याजवळ बाकावर येऊन बसले. सगळी मुलं त्यांना आजोबाच म्हणत.

"चकती बिघडलीय ना, आजोबा?"

"छे गं! चकती झकास आहे. ती प्रकाशाचे विजेचे संदेश बनवते. ते दृक्‌चेतेतून (डोळ्यापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या नसेतून) मेंदूकडे जातात. पण हा डाग खुर्चीचा की ईराचा, हे मेंदूनं ओळखायचं. बाबांच्या मेंदूला ते शिकायलाच मिळालं नाही."

"मग आता कोण शिकवणार?"

"त्यांचे कान आणि हात. ओळखीच्या आवाजाशी, स्पर्शाशी नवा डाग जोडायचा. शिवाय हलणारी वस्तू पसाऱ्यातून लवकर वेगळी दिसते. आणि तू? पैंजण काढून पुतळ्यासारखी उभी!"

ईरानं डोळे पुसले, पैंजण घातले आणि बाबांसमोर येरझाऱ्या घालू लागली. बाबांची मान आवाजामागे फिरली.

"अगं, हा डाग चालतोय! ही तू?"

"मीच!" तिनं त्यांचा हात आपल्या गालावर ठेवला.

मग रोज संध्याकाळी हा अभ्यास सुरू झाला. बाबा खूप चुकायचे. एकदा तर दोरीवरच्या टॉवेललाच त्यांनी 'ईरा' म्हणून हाक मारली. ती हसली, पण रात्री उशीत तोंड खुपसून पडून राहिली.

कित्येक महिन्यांनी एकदा ती शाळेतून कबड्डी खेळून आली. पैंजण दप्तरातच राहिले होते. तिनं दारात हळूच चपला काढल्या आणि पाय न वाजवता आत चालत आली. बाबा हार्मोनियमवर वाकले होते. त्यांनी मान वर केली.

"ईरा, आज पैंजण घातले नाहीस होय गं?"

ईरा दप्तर टाकून त्यांच्याजवळ धावली.

"नाक-डोळे अजून नाही दिसत बाळा," बाबा हळूच म्हणाले. "आजोबा पुढच्या चकतीवर काम करतायत. पण तुझी चाल मी ओळखली."

"मी थांबीन की, बाबा," ईरा म्हणाली आणि त्यांना नीट दिसावं म्हणून दारापासून पुन्हा एकदा चालत आली.